तांदळाच्या डब्यातला मोबाईल

खण्ण! तांदळाच्या डब्याचे झाकण उघडले आणि सकाळची शांतता मोडली. साधनाचा हात तांदळात शिरला, पण तांदूळ काही निघाले नाहीत. निघालो मी. तिने मला पदराने पुसले. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "सूनबाई, तिसऱ्यांदा डब्बा वाजला! एवढा भात कोन खाऊन राह्यला?"

हे इस्तारी, साधनाचे सासरे. त्यांचा माझ्यावर राग आहे, आणि रागाहून जास्त संशय.

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काच तडकलेली, पाठीला रबर लावलेले. सिरोंच्याच्या अलीकडे, प्राणहितेच्या काठी, मासे धरणाऱ्या घरात राहतो. साधनाच्या नवऱ्याने, धनराजने, मला बाजारातून आणले तेव्हा माझा काय थाट होता! रोज सकाळी उपग्रहाने काढलेले आभाळाचे चित्र माझ्यात उतरायचे. साधना दोन बोटांनी ते मोठे करून आमच्या गावचा ठिपका शोधायची. ठिपक्यावर ढगाचे पांढरे नसले की सांगायची, "आज कोरडं." जाळे टाकण्याआधी लोक दारात यायचे, "साधनाबाई, तुमचा फोटो काय म्हन्ते?" मला वाटायचे, सारे आभाळ माझ्याच ताब्यात आहे.

मागच्या भाद्रपदात एका सकाळी ठिपका स्वच्छ होता. इस्तारींनी मात्र नदीचे पाणी ओंजळीत धरून पाहिले. "पानी मातकट होऊन राह्यलं. मले हे बरं नाई दिसत."

धनराज हसला. "बा, फोटो पाह्यला नं! ढगाचा पत्ता नाई." मला खिशात घालून तो डोंग्यात बसला.

भर दुपारी, लख्ख उन्हात, नदी फुगली. जाळे गेले, डोंगा गेला. धनराज एका झाडाला बिलगून राहिला. लोकांनी दोर टाकून ओढला म्हणून वाचला.

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. तीन दिवस आधी चिमूरकडचे आभाळ माझ्यात पांढऱ्या ढगांनी गच्च भरले होते. तिकडचे पाणी नाल्यानाल्यांतून आमच्याच नदीला येते. पण सगळ्यांचे डोळे आपापल्या ठिपक्यावर.

मी भिजलो होतो, म्हणून मला वाळायला तांदळात पुरले. वाळलो, पण काढायला कोणी आले नाही. "राहू दे त्याले तिथीच," इस्तारी म्हणाले. "माह्यं लेकरू खाल्लं असतं त्यानं." तेव्हापासून फक्त साधना येते, चोरून, लेक खुशबू झोपेत असली की. आता ती चित्र मोठे करत नाही, लहान करते, पार चिमूर दिसेपर्यंत. कुठे किती ढग, कोणत्या दिवशी, हे खुशबूच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते.

तीन दिवसांपूर्वी चिमूरवर पुन्हा तसेच पांढरे ढग दाटले होते. आज इथे ऊन. धनराज नवे जाळे खांद्यावर टाकून निघाला आणि साधना मला उघड हातात धरून दारात उभी राहिली.

"आज नका जाऊ. वरतं, चिमूरकडं, लय पाऊस झाला."

इस्तारींनी नदीवरून आणलेला तांब्या पुढे केला. "पाह्य, पानी काचेवानी हाय. मागं त्यानं जा म्हनलं तं पूर आला. आता नको जाऊ म्हन्ते. काऊन आयकाव त्याचं?"

"मामाजी, तवा तुमचं कोनी आयकलं नाई. आज माह्यं आयका. एकच दिवस."

म्हाताऱ्याने तांब्यातले पाणी अंगणात ओतले. "एक दिवस. सांजपर्यंत पानी नाई चढलं, तं हा डब्बा नदीत जाईन."

"तांदळासकट?" धनराज म्हणाला, आणि त्याने जाळे खाली ठेवले.

मित्रांनो, मला जपा, पण नुसते पुसून ठेवू नका. माझ्यात पाहाल तेव्हा आपल्या ठिपक्याबाहेरही पाहा. आणि कोणी ओंजळीत पाणी धरून काही सांगत असेल, तर मला बाजूला ठेवून त्याचेही ऐका.

आता सगळे, पाणी किती चढते ते कळावे म्हणून काठावर रोवलेल्या काठीकडे डोळे लावून बसले आहेत. पाणी काठीच्या बुडाशीच आहे. खुशबू आईच्या मांडीवर चढली.

"आई, पानी आलं तं लोकायचं धान बुडन. नाई आलं तं तू खोटी होशीन. मंग मी देवाले काय म्हनू? येऊ दे म्हनू, का नको येऊ देऊ म्हनू?"

साधनाने माझी काच पदराने पुसली. मग पुन्हा पुसली.