जवळ्याच्या जाळ्यातली वाळू

टिण्. न्हाणीतल्या स्टीलच्या वाटीत काहीतरी बारीक पडलं, आणि दुपारच्या त्या शांत घरात केतन आतून नि मी बाहेरून हसलो. केतनच्या, माझ्या नवऱ्याच्या, किडनीतला खडा बोईसरच्या दवाखान्यात बाहेरूनच धक्के देऊन फोडला होता. चुरा लघवीवाटे पडेल, गाळून बघा, पाणी भरपूर प्या, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाळायला केतनने जवळ्याच्या जाळ्याचा तुकडा घेतला. त्याहून बारीक विणीचं मुरब्यातल्या आमच्यासारख्या कोळ्याच्या घरात दुसरं काय असणार?

"म्हावरा नाय, वाळू लागली जाल्यात," म्हणायचा.

मग वाळू पडायची थांबली. कळही गेली. एरवी जाळं रिकामं आलं की आमच्याकडे चेहरे उतरतात; तेव्हा मात्र सगळ्यांना बरं वाटलं. एकदा सोनोग्राफी करून घेऊ, असं मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "खडा गेला. आता पोराला घरात ठेवून लोणचं घालतेस काय?" बोट चालवणाऱ्या तांडेलाचा निरोप आला आणि केतन बोटीवर गेला.

बोटीवर गोडं पाणी पिंपात असेल तेवढंच. किनारा येईपर्यंत ते सगळ्यांना पुरवायचं, म्हणून खलाशी तहान मारतात. केतननेही मारली. लघवी कमी झाली, ती त्याला पाणी कमी म्हणून वाटली. ताप चढला तरी बोलला नाही. आपल्या एकट्यासाठी बोट मागे फिरायला नको. ताडपत्रीखाली तो कुडकुडताना तांडेलानेच पाहिलं आणि बोट वळवली.

बंदरावर उतरवला तेव्हा अंग भाजत होतं. मला जवळ ओढून म्हणाला, "माझ्या आयला काय बोलू नको."

सगळा चुरा गेलाच नव्हता. किडनीखालच्या नळीत तुकडे एकामागे एक दाटून बसले होते, वर किडनी फुगून आत पू झाला होता. दुसरी किडनी जन्मापासूनच लहान, असं डॉक्टर म्हणाले. जी काही मदार ती या फुगलेल्या किडनीवरच. तुकडे दुर्बिणीने काढता येतात, पण आता हात लावला तर पू रक्तात पसरेल. म्हणून आधी पाठीतून किडनीत नळी घातली. पिशवीत गढूळ पाणी येतंय. ताप मात्र उतरत नाही, आणि सकाळपासून त्याने डोळे उघडलेले नाहीत.

आयसीयूबाहेरच्या बाकावर सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्यात. मी त्यांना बोल लावला नाही. रिद्धी माझ्या मांडीत आहे. तिच्या केसांतून हात फिरवत, एका हाताने मोबाइलवर हे लिहितेय. लहान मुलांना आत सोडत नाहीत. तिने मघाशी काचेला नाक लावून खूप वेळ पाहिलं होतं. आता मान वर करून विचारतेय,

"आई, मी जवळ जाऊन हाक मारली तर पप्पा उठतील?"