पायी उभा वीर

गणपतराव इंगवले बोलायला लागले की शिवाजी पेठेतल्या तालमीतली पोरं लंगोट बांधायला विसरायची. पहिल्या महायुद्धात ते स्वतः बसऱ्याला जाऊन आलेले, पण सांगायचे ते दुसऱ्यात गेलेल्या आपल्या पोराचं, ज्ञानूचं. इटलीत समोरून गोळ्या चालू असताना त्यानं नदीत उतरून दोन जखमी जवान एकेक करून पाठीवर आणले. तिसऱ्याला आणायला गेला तो आलाच नाही. "भीती म्हंजे काय ठावं नव्हतं माझ्या वाघाला," असं म्हणून गणपतराव खिशातून ज्ञानूचं चांदीचं मेडल काढायचे. ते हातोहात फिरून परत खिशात जायचं.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, नेमकं तेच मागितलं. घरातल्या गेलेल्या माणसाचा, मूर्ती उठवलेला चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायची इंगवल्यांची रीत. शालूबाईंना ज्ञानूचा टाक हवा होता, आणि तो मेडल मोडूनच.

"नवी चांदी आनतो की," गणपतराव म्हणाले. "मेडल मोडायचं म्हंजे पोराची अब्रूच मोडायची."

"त्याची राख आली न्हाय, हाड आलं न्हाय. त्याच्याकडनं एवढंच काय ते घरी आलं. बाजारातली चांदी पुजून काय करू?"

या बाईनं इतक्या वर्षांत नवऱ्याकडं काही मागितलं नव्हतं. म्हणून तणतणत का होईना, गणपतराव तिला घेऊन सोनारांच्या गुजरीत गेले.

अंबादास सोनार बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास भोगून आलेला, आणि जिभेला हाड नसलेला. मेडलवरचा इंग्रज राजाचा मुखडा बघून तो हसला. "मोडतो की आनंदानं. ज्याच्यापायी पोरगं मेलं, त्येनंच आता गाशा गुंडाळला."

गणपतरावांचं पित्त खवळलं. मेडल ओढून घेऊन ते उठलेच. "राजापायी न्हाय, संगतीच्या पोरांपायी मेलंय माझं पोरगं. चल गं."

शालूबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुमी दोघं भांडा सावकाश. राजा कोन आनि कुठं गेला, मला ठावं न्हाय. माझा ज्ञानू मला घरात पायजे."

अंबादासची मान खाली गेली. "चुकलं माझं, वैनी," तो म्हणाला. "लढाईत गेलेला म्हंजे वीर. घोड्यावर बसवतो, हातात तलवार देतो. समदे तसंच करून नेत्यात."

"घोडं नको," शालूबाई म्हणाल्या. "घोड्याला लई भ्यायचा. टांगा आला की माझ्या लुगड्यात शिरायचा. पलटणीत जायच्या आदल्या दिशी चुलीपाशी बसून थरथरत हुता. पायीच उभा करा."

"आमचा ज्ञानू?" गणपतराव म्हणाले. "भ्यायचा?"

"तुमच्याम्होरं दाखवायचा न्हाय. तुमाला भित्रं पोरगं नको हुतं."

उठलेले गणपतराव परत खाली बसले. आजवर त्यांनी तालमीत सांगितला तो कुणी दुसराच होता. त्याला भीती ठाऊक नव्हती, मग नदीत उतरायला त्याला काय जड गेलं असेल? आता त्यांना चुलीपाशी थरथरणारा पोरगा त्या पाण्यात उतरताना दिसला. कापत माघारी आला, पुन्हा गेला. आपण पोराला मोठं करून सांगतो असं त्यांना वाटत होतं, आणि पोरगा त्यांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठा निघाला. हे सगळं पोटात ठेवून ही बाई वाघाची गोष्ट ऐकत आली होती, आणि चार माणसांत तिनं नवऱ्याला कधी खोटं पाडलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडं नव्यानं बघितलं.

मग भर गुजरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांची लाज न धरता, पटक्याचा शेव तोंडाला लावून ते रडले. अंबादासनं चांदी आटवायची मूस पुढं केली, तेव्हा मेडल त्यांनी आपल्या हातानं तीत ठेवलं.

"भ्यालेलं पोरगं हुतं, अंबादास," ते म्हणाले. "आनि तीनदा गेलं."