कुणी पाठवलं तुम्हाला?

पूर्णगडाच्या वाटेवर स्वप्नाने घरच्या पडवीत जेवणघर सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला तिथं जेवणारी माणसं घरचीच होती. ती स्वतः, तिचा नवरा अमरदीप आणि तिची आई प्रभावती. किल्ला बघायला गाड्या रोज यायच्या. दारावरून जायच्या, दारावरूनच परत फिरायच्या. एकदा तर एका गाडीवाल्याने काच खाली करून अमरदीपलाच विचारलं, "इथं जवळपास जेवायला काही मिळेल का हो?" अमरदीप तेव्हा पाटीखालीच उभा होता.

मग स्वप्ना रत्नागिरीला छोट्या व्यावसायिकांच्या शिबिराला जाऊन बसली. शिकवणारा विनीत तिशीतला होता. आधी स्वतः काजूगर विकलेले, त्यामुळे उगाच मोठमोठे शब्द वापरत नव्हता.

"ताई, पाटीवर तुमचं नाव कशाला? ताटाचा फोटो लावा," तो म्हणाला. "गाडी चालवणारा वाचत नाही, बघतो. आणि पाटी दारात नको, वळणाच्या आधी. दारात पाटी दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. फोनच्या नकाशावर घराची खूण टाका. जेवून माणूस खूश झाला की सोलकढीचा दुसरा पेला देताना सांगा, दोन शब्द लिहा आमच्याबद्दल. बिल देताना सांगू नका, तेव्हा माणूस घाईत असतो."

सगळे माना डोलवत होते. शेवटी तो म्हणाला, "आणि एक फुकटचं काम. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारायचं, तुम्हाला कुणी पाठवलं? जिथून माणसं येतात तिकडं आपण जास्त लक्ष द्यायचं."

स्वप्नाने सगळं केलं. अमरदीपने तळलेल्या बांगड्याच्या ताटाचा मोठा फोटो छापून आणला आणि फाट्याच्या आधी आंब्याच्या बुंध्याला टेकवून उभा केला. नकाशावर खूण आली. हळूहळू गाड्या थांबायला लागल्या. स्वप्ना पाणी ठेवता ठेवता विचारायची. कुणी म्हणायचं पाटी बघितली, कुणी म्हणायचं फोनवर दिसलं.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं एक जोडपं आलं. स्वप्नाने नेहमीसारखं विचारलं. बाई म्हणाली, "तुमच्या बहिणीने सांगितलं की. चिपळूणला, वाशिष्ठीच्या पुलाजवळ चहाला थांबलो होतो. पूर्णगडला चाललोय म्हटल्यावर म्हणाल्या, माझ्या बहिणीकडेच जेवा."

"दुसरं कुणी असेल," स्वप्ना म्हणाली. "मला बहीण नाही."

तिला बहीण होती. नम्रता. तिच्यापेक्षा धाकटी. चिपळूणला दिलेली नव्हती, स्वतःच्या मर्जीने लग्न करून गेली होती. वडील काशीराम यांना ते सोसलं नाही. दोन हजार एकवीसच्या पुरात पाणी चढलं तेव्हा नम्रता शेजारच्या म्हातारीला माळ्यावर चढवायला खाली गेली आणि वर आली नाही. पाणी ओसरल्यावर स्वप्ना आणि अमरदीप चिपळूणला जाऊन तिला ओळखून आले होते. काशीराम गेले नाहीत. पुढच्या वर्षी तेही वारले, आणि आई एकटी पडली म्हणून स्वप्ना-अमरदीप मुंबईची खोली सोडून पूर्णगडला राहायला आले.

पुण्याच्या बाईंचा काहीतरी घोटाळा झाला असेल, असं म्हणून स्वप्नाने ते सोडून दिलं.

काही दिवसांनी साताऱ्याची चार मित्रमंडळी आली. त्यांनाही बहिणीने पाठवलं होतं. संगमेश्वरला, एसटी स्टँडसमोर. "आकाशी पंजाबी ड्रेस होता त्यांचा," एकजण म्हणाला. "बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आणि हो, एक निरोप आहे. बहिणीला सांगा, बांगड्याच्या कालवणात तिरफळं कमी टाक, तुझा हात सैल आहे."

स्वप्नाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आत चुलीवर कालवण उकळत होतं आणि तिरफळांचा वास सगळ्या घरात भरला होता. नम्रता लहानपणी ताटातली तिरफळं वेचून तिच्याच ताटात टाकायची.

स्वयंपाकघरात येऊन तिने अमरदीपला सांगितलं. तो कांदा चिरत होता. त्याने सुरी खाली ठेवली.

"कुणीतरी खोडी काढतंय."

"तिरफळांचं कुणाला माहीत असणार, अहो?"

तो पुन्हा कांदा चिरायला लागला.

यानंतरचे लोक हातखंब्याहून आले. नंतरचे पावसहून. स्वप्नाने फोनमध्ये नात्यातल्या एका बारशाचा फोटो शोधून ठेवला होता, बायकांनी भरलेला. पावसहून आलेल्या आजोबांपुढे तिने तो धरला. आजोबांनी चष्मा पुसला आणि क्षणही न घालवता नम्रतावर बोट ठेवलं. "ह्या. देवळाच्या पाराजवळ उभ्या होत्या. ऊन फार होतं, मी म्हटलं गाडीत बसा, सोडतो. तर म्हणाल्या, मी येत्येच आहे चालत."

चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, पावस. स्वप्नाला हे मनात ओळीने लावायची गरजच पडली नाही. नम्रताला ओळखून ती ज्या रस्त्याने आईला सांगायला पूर्णगडला आली होती, तोच हा रस्ता होता.

तिने विनीतला फोन केला. काय सांगावं हे तिचं तिलाच कळत नव्हतं, म्हणून एवढंच म्हणाली, की एक बाई वाटेत उभी राहून माणसं पाठवते आहे.

विनीत फोनवरच उडाला. "ताई, अहो लोक यासाठी केवढा खर्च करतात! तोंडी शिफारस, तीही रस्त्यावर, भुकेच्या वेळी. शोधा तिला. काहीतरी मानधन ठरवा, नाहीतर उद्या दुसरा कुणी तिला आपल्याकडे वळवेल."

"बघते," स्वप्ना म्हणाली.

अमरदीपचं म्हणणं वेगळं होतं. "तू विचारणंच बंद कर. जेवायला आले, जेवले, गेले. कुणी पाठवलं ते कशाला हवं आपल्याला?"

स्वप्नाने खरंच विचारणं बंद केलं. पण आई ऐकेना. प्रभावतीला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिने कानांनी टिपलं होतं. गिऱ्हाईक टेकलं की ती माजघरातून भिंत धरत धरत यायची आणि विचारायची, "कुनी पाठवलां तुमाला, बाबा?" उत्तर ऐकलं की मान हलवायची आणि परत आत जायची. एकदा कुणीतरी म्हणालं, "फाट्यावर भेटल्या होत्या एक ताई, तुमच्या बांगड्याच्या फोटोपाशी." त्या दुपारी ती जेवली नाही. दाराकडे तोंड करून बसून राहिली.

स्वप्ना फाट्यावर गेली. आंब्याखाली फोटो उभा होता. रस्ता तापला होता, एकही माणूस नव्हतं. तिने हळू आवाजात हाक मारली, "नमू." झाडावरचा एक कावळा उडाला, एवढंच. ती वळून चालायला लागली तेव्हा समोरून एक दुचाकी आली. मागे बसलेल्या मुलीने दुचाकी जाता जाता हात हलवला, ओळखीच्या माणसाला हलवावा तसा. स्वप्नाने हात वर केला आणि मग तिच्या लक्षात आलं, मुलगी तिच्याकडे बघतच नव्हती. तिच्या खांद्याच्या थोडं मागे बघत होती.

घरापर्यंत ती मागे न बघता आली.

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता कोल्हापूरचे एक शिक्षक आणि त्यांची बायको आली. सुजय आणि मृणाली. पायरी चढून सुजय हसत आत आले आणि कुणी काही विचारायच्या आतच म्हणाले, "ताईंनी सांगितलं आत जा, गरम भाकऱ्या चालल्यात."

"कुठल्या ताई?" अमरदीपने विचारलं.

"ह्या काय." सुजयनी मागे बोट केलं. "पायरीवर बसल्यात ना."

स्वप्ना पिठाच्या हातांनीच बाहेर आली. चिऱ्याच्या पायरीवर आईच्या चपला होत्या, आणखी काहीच नव्हतं. तिची नजर पायरीवरून सरकली तसं सुजयचं हसू मावळलं. ते एकदा तिच्याकडे, एकदा पायरीकडे बघायला लागले.

"त्या काही बोलतायत का?" स्वप्नाने विचारलं.

"तुम्हाला... ऐकू नाही येत?"

"मला कमी ऐकू येतं," ती खोटं बोलली. "तुम्ही सांगा मला."

सुजय जरा वाकले. "त्या म्हणतायत, आईला बोलव."

बोलवावं लागलं नाही. प्रभावती आलीच होती. ती पायरीवर टेकली आणि डोळे किलकिले करून म्हणाली, "खंय हाय? कुटं बसलीय?"

"तुमच्या उजव्या बाजूला," मृणाली म्हणाली. तिचा आवाज आता अगदी लहान झाला होता.

प्रभावतीने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि वाट बघितली. थोड्या वेळाने तिची बोटं आपोआप मिटली, कशाभोवती तरी.

"धरला त्यांनी हात," मृणाली म्हणाली.

"किती गार पडलीस गो," प्रभावती म्हणाली. ती रडत नव्हती. "विचारा तिला, भायेर का बसलीय. घरात का नाय येत?"

सुजयनी ऐकलं. "म्हणतायत, दादांनी सांगितलंय. दादा म्हणजे तुमचे भाऊ का?"

"आमचे वडील," स्वप्ना म्हणाली.

काशीरामांनी ते ह्याच पडवीत सांगितलं होतं. नम्रता लग्नाची बातमी द्यायला आली तेव्हा ते म्हणाले होते, माझ्या उंबऱ्याला परत पाय लावायचा नाही. ती पायरीवरूनच वळली होती. स्वप्ना तेव्हा आत उभी होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

म्हणजे इतके दिवस नमू माणसं आत पाठवत होती, आणि स्वतः बाहेर.

"स्वप्ना," अमरदीप मागून म्हणाला. त्याने तिचा दंड धरला होता. "नको. बाकीचे जेवून परत जातात. ही जायची नाही."

"माहीत आहे मला."

"मग नको ना. मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली. खरंच वाटत होती. पण आई पायरीवर बसली होती, मूठ मिटून, आणि ती मूठ काही झालं तरी सुटणार नव्हती.

"ये गो नमू," स्वप्ना म्हणाली. "आत ये. दादा नाहीत आता. घर आपलं आहे."

मृणालीने एकदम पदर आवरला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, अरुंद दारातून कुणाला वाट द्यावी तशी. तिची नजर दारापासून पडवीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथल्या खुर्चीवर थांबली. प्रभावतीने मूठ उघडली. तळवा ओला होता.

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा अमरदीप आत धावला.

दोघांनी जेवून घेतलं, पण मान वर न करता. निघताना मृणाली स्वप्नाच्या अगदी जवळ आली. "तुम्हाला ऐकायला कमी येत नाही ना?"

"नाही."

"आणि दिसतही नाही? तुम्हाला कुणालाच?"

स्वप्नाने मान हलवली. मृणाली गाडीत जाऊन बसली आणि तिने काच वर करून घेतली.

त्यानंतर बहिणीने पाठवलं म्हणून कुणी आलं नाही. पण आधी जेवून गेलेल्यांनी चांगलं लिहिलं होतं, त्यांनी आणखी माणसं पाठवली, आणि नाताळच्या सुट्टीत तर बाहेर रांग लागायला लागली. प्रभावती दोन्ही वेळा पोटभर जेवते. दुपारी माजघरात पडल्या पडल्या हळू आवाजात बोलत असते. स्वप्ना आधी दाराशी थांबून ऐकायची. आता थांबत नाही.

जानेवारीत विनीत आला. पुढच्या शिबिरात दाखवायला त्याला फोटो हवे होते. भरलेली पडवी, ताटं, पाटी, सगळ्याचे त्याने फोटो काढले. निघताना स्वप्नाला म्हणाला, "ताई, वाटेवरची ती बाई मिळाली म्हणायची शेवटी, तुमची बहीणच निघाली. पण नुसतं कोपऱ्यात बसवून काय ठेवलंय त्यांना? एवढ्या छान बोलतात. माझ्याशीच किती वेळ बोलल्या."

स्वप्नाने हसून मान डोलवली. अमरदीपने ऐकलं होतं.

संध्याकाळी त्याने कोपऱ्यातली ती खुर्ची उचलली आणि मागच्या खोपीत लाकडांवर उलटी टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी झाली. पुरुष, बायका, पोरं, हात धुवायला जाणारी, पाणी मागणारी. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पण त्या मोकळ्या कोपऱ्यापाशी आलं की प्रत्येकजण अंग चोरून, थोडा वळसा घालून जात होता. एका बाईने तर जाता जाता हलकेच म्हटलं, "सॉरी हं, धक्का लागला."

अमरदीप हातातली ताटं ठेवून मागे गेला, खुर्ची उचलली, लाकडांचा भुसा आपल्या शर्टाच्या बाहीने पुसला आणि ती पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवली.