माझ्या पोटातला घड्याळजी

मी एक जुनी वेताची टोपली आहे. रद्दी कागद टाकायची! आज सकाळपर्यंत माझ्यात कपड्यांचे चिमटे होते, पण त्यावरून माझ्याबद्दल मत बनवू नका, मित्रांनो.

मला विणताना कारागिराचे अर्धे लक्ष गप्पांत होते, म्हणून माझ्या तळाशी एक वीण सैल राहिली. ती लक्षात ठेवा. रहस्यकथेत अशी गोष्ट कुणी उगीच सांगत नाही, हे मी मावशीकडून शिकले.

मावशी रहस्यकथा लिहायची. खरे तर ती फक्त भाचीची मावशी, पण प्रकाशकापासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. तिची रीतच जगावेगळी! खुनी कोण, हे ती आधी ठरवतच नसे. प्रत्येक संशयितासाठी एकेक शेवटचे पान लिहायची, मोठ्याने वाचायची आणि नाक मुरडायची. "हा कसला खून करतोय! हा तर झुरळाला घाबरतो." की झाला त्याचा बोळा! जे पान पटे, त्यावर तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण. नेम मात्र भयंकर. दहातले सहा बोळे जमिनीवर पडत आणि छोटी भाची ते वेचून मला भरवी. किती निरपराध माणसे मी पोटात सांभाळली म्हणून सांगू!

मग तो दिवस उजाडला. प्रकाशक दारात उभे. "मावशी, छपाई खोळंबलीय हो!" टेबलावर दोन पाने उरली होती. एकात खुनी माळी, दुसऱ्यात घड्याळजी. तांबडी खूण घड्याळजीच्या पानावर. आणि मावशीचा चष्मा कपाळावर! घाईघाईत तिने नेमके खुणेचेच पान चुरगाळले आणि फेकले. नेमका त्याच वेळी तिचा नेम लागला. बोळा थेट सैल विणीत जाऊन रुतला. मी ओरडले असते हो, पण टोपलीचे तोंड नुसते आ वासायला असते.

पुस्तक आले, खुनी माळी! वाचकांची रागावलेली पत्रे आली. "अहो, मी घड्याळजीच ठरवला होता," मावशी सांगत राहिली. प्रकाशकांनी तिच्याच अक्षरातले माळ्याचे पान पुढे केले. "आता वय झालं मावशी. विसरायला होतं. आराम करा."

"जिला आपण काय ठरवलं तेच आठवत नाही, तिनं कसले खुनी शोधायचे?" मावशी एवढे म्हणाली आणि तिने पेन्सिली खणात टाकल्या.

माझी रवानगी गॅलरीत झाली. चार वर्षे! चिमट्यांच्या पोटात काही म्हणजे काही गुपित नसते. खाली रस्त्यावर कुणी पुडीचा कागद चुरगाळला, की माझ्या काड्या शहारायच्या. आतून मावशीच्या खुर्चीची करकर यायची, पण लिहिताना यायची तशी नव्हे. उत्तर माझ्या पोटात होते आणि मला ते देता येत नव्हते.

आज सकाळी चिमटा काढताना भाचीचे बोट विणीत अडकले. आता ती पंधरा वर्षांची आहे आणि बोळा दिसला की उलगडल्याशिवाय तिला राहवत नाही.

"मावशीऽऽ! तुझा घड्याळजी सापडला!"

मावशीने पान दोनदा वाचले. तांबड्या खुणेवरून बोट फिरवले.

"म्हणजे मला बरोबर आठवत होतं?"

"डोकं अगदी शाबूत आहे तुझं. चष्मा तेवढा नाकावर ठेवत जा, बाई!"

मावशी हसली, मग डोळे पुसत बसली.

मित्रांनो, टोपली रिकामी करण्याआधी एकदा आत हात घालून बघा. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला "तुला आठवत नाही" म्हणण्याआधी तर दोनदा बघा.

मी पुन्हा टेबलाखाली आले आहे. मावशीने अजून एक ओळही लिहिलेली नाही. पण पेन्सिलीला टोक काढले आहे, तिची साले माझ्यातच पडली. मी आ वासून वाट बघते आहे. नेम चुकला तरी चालेल. वेचायला भाची आहे.