नाटकात काम करणारा जावई

शलाका एवढंच म्हणाली होती, "बाबा, मुलगा नाटकात काम करतो. राजू म्हणतात त्याला."

आता मला सांगा, मराठी माणसाने याचा काय अर्थ घ्यावा? नाटकात काम करतो म्हणजे तोंडाला रंग लावतो, मोठ्याने बोलतो आणि मरतानाही गातो. मी तोच अर्थ घेतला. शलाका उल्हासनगरात पडद्याच्या कापडाच्या दुकानात काउंटरवर असते. हा तिथे नाटकासाठी मखमल घ्यायला आला आणि दोघांचं जमलं. नट स्वतः मखमल मोजून घ्यायला कशाला येईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

मी हिंदुराव. नावाला तलवार शोभेल, पण अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत मी पावडरची पिंपं भरतो. बेलवलीत आमच्या सोसायटीत मात्र "हिंदुराव कंपनीत आहेत" एवढंच ठाऊक आहे, आणि मीही त्यात भर घातलेली नाही.

"तुम्ही हो म्हणालात तरच पुढचं बोलणं, नाहीतर विषय बंद," असं शलाकाने स्वतःहून सांगितलं होतं. आमच्या घरात भाजी कुठली करायची हेही मला कुणी विचारत नाही, त्यामुळे हा अधिकार माझ्या डोक्यात चांगलाच गेला. दोन जिने उतरेपर्यंत मी तीन शेजाऱ्यांना सांगून टाकलं, "नाट्यक्षेत्रातलं स्थळ आलंय. बघू, विचार करतोय."

बघण्याचा कार्यक्रम रविवारी दुपारी ठरला. अंबरनाथच्या हॉलमध्ये संगीत नाटक होतं आणि ते संपल्यावर नाटकवाले हौशी प्रेक्षकांना आत नेऊन पडद्यामागचं सगळं दाखवणार होते. शलाकाचं दुकान रविवारी जोरात चालतं, म्हणून ती थेट शेवटी येणार आणि तिथेच राजूची गाठ घालून देणार. मी इस्त्रीचा सदरा घातला, मिशीला तेल लावलं आणि बायकोला, द्रौपदीला, घेऊन रिक्षाने निघालो.

हॉलबाहेरच्या फलकावर नटांची नावं होती. राजू कुठेच नव्हता. पण 'सेनापती' या शब्दापुढे 'राजेंद्र' असं छापलेलं दिसलं आणि मी द्रौपदीला कोपराने ढोसलं. "राजेंद्रला घरी काय म्हणतात? राजू!"

"राजूलाही राजूच म्हणतात," ती म्हणाली.

बायकांना तर्कशास्त्र नसतं, असं मी मनात म्हटलं आणि पाचव्या रांगेत जाऊन बसलो.

सेनापती आला तेव्हा माझा थोडा हिरमोड झाला. पोट सुटलेलं होतं आणि वयही शलाकाच्या मानाने बरंच वाटत होतं. पण मी स्वतःची समजूत घातली की मेकअपमध्ये माणूस मोठा दिसतो. दुसऱ्या अंकात त्याने राजाला हाकलून दिलं, सिंहासनावर बसकण मारली आणि गायला सुरुवात केली. काय आवाज! मला गाण्यातलं काही कळत नाही, तरी अंगावर काटा आला. हा माणूस आमच्या हॉलमध्ये पाटावर बसून जेवेल, जेवल्यावर एखादं पद म्हणेल, आणि खिडक्या उघड्या असतील तर बी विंगपर्यंत ऐकू जाईल. मी उभाच राहिलो आणि ओरडलो, "वन्स मोअर!"

संगीत नाटकात तो प्रेक्षकाचा हक्कच असतो. त्याने पुन्हा पद म्हटलं. मी पुन्हा ओरडलो. त्याने तिसऱ्यांदा म्हटलं. लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते, ते मी कौतुकात धरलं. एवढ्यात मला दिसलं की सिंहासनाच्या मागून काळ्या बाहीतला एक हात बाहेर आलाय आणि त्याने सिंहासनाची कड घट्ट धरलीय. हात चांगलाच थरथरत होता. मला हसू आवरेना.

"बघ, कसली माणसं ठेवतात," मी द्रौपदीच्या कानात म्हणालो. "धड लपताही येत नाही." आणि त्या आनंदात मी तिसऱ्यांदा ओरडलो, त्याने चौथ्यांदा म्हटलं. माझा घसा तिथेच बसला.

नाटक संपलं. आम्ही वीसेक जण बाजूच्या पायऱ्या चढून आत गेलो. काळा टी-शर्ट घातलेला एक सडपातळ मुलगा सगळं दाखवत होता. अंधारात सामान हलवताना दिसू नये म्हणून पडद्यामागचे लोक काळे कपडे घालतात, असं त्याने सांगितलं. "काका, सांभाळून, खाली वायर आहे," असं तो मला म्हणाला. मी नुसती मान हलवली, कारण माझं लक्ष सेनापती कुठून येतोय याकडे होतं.

"जरा खुर्ची आण रे हिच्यासाठी," मी त्याला फर्मावलं. त्याने आणली. ती डाव्या हाताने का आणली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

जवळून बघितलं तर महाल प्लायवूडचा होता आणि जंगल मागून नुसतंच कापड होतं. सिंहासनापाशी आल्यावर मुलगा हसायला लागला. "आज वाट लागली होती. राजेंद्रसर बसले आणि याचा मागचा पाय तुटला. मी मागून घुसून खांदा लावला. म्हटलं, एक गाणं आहे, निघून जाईल. पण पाचव्या रांगेत कोणीतरी येडा बसला होता. सरांची खाली उतरायची वेळ आली की त्याचं वन्स मोअर! मी आतून इतक्या शिव्या घातल्या ना त्याला!"

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणारा मी एकटाच उरलो असतो. द्रौपदी मात्र माझ्याकडे रोखून बघत होती.

तिची नजर चुकवायला मी बाजूला सरकलो, तर समोरच सेनापती. टोप काढलेला, टक्कल पुसत चहा पीत होता. मी हात जोडले. "मी शलाकाचा बाप."

"कोण शलाका?"

माझं डोकंच फिरलं. बसलेल्या घशाने मी जमेल तेवढं ओरडलो, "कोण शलाका? लाज नाही वाटत? लग्नाच्या गोष्टी करता आणि आता..."

त्याच्या शेजारच्या बाईंनी कप खाली ठेवला. "हो, मलाही कळू दे," त्या त्याला म्हणाल्या. "कोण शलाका?"

त्या त्याच्या बायको होत्या, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण तिथे फळ्या होत्या आणि त्या चांगल्या ठोकलेल्या होत्या.

"बाबा!" शलाका धापा टाकत पायऱ्या चढून आली. "इथे आहात होय! भेटलात ना?" आणि तिने काळ्या टी-शर्टवाल्याला दंडाला धरून माझ्यापुढे उभं केलं. "हा राजू."

राजूने नमस्कार करायला हात जोडले. उजव्या तळव्यावर लाकडाच्या कडेचा लालभडक वळ उठला होता. तो माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा खांदा दुखल्याने अर्ध्यावरच थांबला.

"नाटकात काम करतो म्हणालीस ना तू?" मी शलाकाला विचारलं.

"मग करतोच की!"

"तो येडा," द्रौपदी राजूला म्हणाली, "हेच."

राजूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. शलाकाला काहीच कळेना, पण माझ्या तोंडाकडे बघून तीही पांढरी पडली. माझ्या नकाराने विषय बंद होणार होता आणि तो नकार द्यायला मी किती लायक माणूस आहे, हे सगळ्यांच्या देखत ठरत होतं.

"सोडून का नाही दिलंस?" मी विचारलं. "चार वेळा?"

"वर माणूस बसला होता ना काका," तो म्हणाला.

द्रौपदी राजूकडे वळली. "यांच्या हळदीला यांचे कान हिरवे झाले होते, माहितीये? कंपनीतला निळा रंग कितीही घासला तरी निघायचा नाही, त्यावर हळद लावली. आमच्या मांडवात सगळे हसले. माझे वडील तेवढे म्हणाले, पोरगा कामाचा आहे."

ही गोष्ट मी बेलवलीत कुणालाही कळू दिलेली नाही. इथे मात्र सेनापती सहकुटुंब ऐकत होता. मी राजूचा हात हातात घेतला आणि त्या वळाकडे बघितलं. माझी मलाच लाज वाटली.

"रविवारी घरी जेवायला ये," मी शेवटी म्हणालो.

"रविवारी प्रयोग असतो काका."

"मग सोमवारी ये. मी रजा टाकतो."

माझा आवाज जेमतेम निघाला होता. पण शलाकाने तो ऐकला. तिने डोळे पुसले आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये ओरडली, "बाबा, वन्स मोअर!"

आणि मी बसलेल्या घशाने पुन्हा म्हणालो, "सोमवारी ये. मी रजा टाकतो."