लोटनकाकांच्या पोटातले कावळे

१९८८ साली नरडाण्याची पुष्पा असोद्याला मामाकडे शिकायला आली. तिच्या अहिराणी बोलण्याला मुलं हसायची, म्हणून ती वर्गात गप्पच बसे.

एकदा कुंदाबाईंनी चौथीच्या वर्गाला सांगितलं, की पोटात कावळे ओरडणे म्हणजे फार भूक लागणे. पुष्पाने हळूच विचारलं, "बाई, ते खरंच ओरडले तर?"

"मग काय होईल, ते तूच गोष्टीत लिहून आण," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुष्पाने गोष्ट वाचली. भर लग्नात लोटनकाकांच्या पोटात कावळे ओरडू लागले. भटजी मंगलाष्टकं विसरले, वऱ्हाडी मांडवावर कावळे शोधू लागले. तेवढ्यात पोटातून आवाज आला, "आमले भूक लागनी शे, पहिले जेवाले वाढा."

सगळा वर्ग खो खो हसला. पुष्पाचा चेहरा उतरला आणि ती थांबली.

नेहमी तिची नक्कल करणारा जीवराम म्हणाला, "बाई, तिला पुढे वाचायला सांगा ना. कावळे आणखी काय म्हणाले?"

पुष्पाने पुढचं जरा मोठ्याने वाचलं. मधल्या सुट्टीत मुली तिच्याभोवती डबे घेऊन बसल्या आणि आपणही अशा गोष्टी लिहायच्या म्हणून तिला अहिराणी शब्द विचारू लागल्या.