प्रांजलवर धरलेली छत्री

मी एक जुनी काळी छत्री आहे. माझा दांडा लाकडी आहे, मूठ वाकडी आहे आणि कापड चांगलं जाड आहे. मित्रांनो, छत्री म्हटलं की तुम्हाला पाऊस आठवतो. माझं आयुष्य मात्र बहुतेक उन्हातच गेलं, एका मुलीच्या डोक्यावर.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी पनवेलच्या बाजारात आले आणि एका दुकानाच्या दारात टांगली गेले. रंगीत, घडीच्या छत्र्या भराभर विकल्या जात. मला कुणी हातही लावत नसे. मग ऐन चैत्रात कोळीवाड्यातली एक बाई आली. तिचं नाव जनी. ती बाजारात मासे विकायची.

दुकानदार हसून म्हणाला, "पावसाला अजून वेळ आहे बाई."

"मना उनासाठी पायजे. जाड कापडाची द्या," जनी म्हणाली.

तिच्या खांद्यावर पदरात गुंडाळलेलं बाळ होतं. पदर जरा सरकला आणि मी ते पाहिलं. दुधासारखी कातडी, कापसासारखे केस, पापण्यासुद्धा पांढऱ्या. उजेड लागताच बाळाने डोळे गच्च मिटले. ती प्रांजल. जनी सावळी होती आणि तिचा नवरा बुधाजी तर तिच्याहून काळा. लेक मात्र अशी.

त्या दिवसापासून मी कामाला लागले. बाजारात जनी मला एका काठीला बांधायची आणि माझी सावली प्रांजलवर पाडायची. समोर पापलेटं आणि बोंबील उन्हात असायचे. गिऱ्हाइकं म्हणत, "अगं, छत्री माशांवर धर ना!" जनी म्हणे, "मासं खराब झालं तं दुसरं आनीन. पोर भाजली तं कुटून आनू?" तेव्हा मला माझ्या कापडाचा फार अभिमान वाटे.

पण कोळीवाड्यात लोक कुजबुजू लागले. शेजारची शकू एकदा दारातच म्हणाली, "बाप काला, आय काली, मंग पोर गोरी कशी जाली?" जनीने ऐकलं आणि मला उघडलं. मला वाटतं, त्या दिवशी तिला स्वतःलाच सावली हवी होती.

बुधाजी करंजाच्या बंदरातून बोटीवर जायचा आणि कित्येक दिवस समुद्रावर असायचा. तो आणि जनी लहानपणापासून एकमेकांना ओळखत. ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणून ती नवऱ्याला अरेतुरेच करी. एका दुपारी तो घरी आला तो लोकांचं बोलणं ऐकूनच. मी दाराला टांगलेली होते.

"दर्याची आन घे आनि सांग," तो म्हणाला, "ही पोर माजीच हाय?"

जनी मासे साफ करत होती. तिचे हात थांबले. "तुजीच हाय," ती म्हणाली. "पन तू मना इचारलंस. आता आपल्यात काय रायलं नाय."

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. बुधाजी मासे आणायचा, पैसे आणायचा, पण लेकीला त्याने कधी मांडीवर घेतलं नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन जवळ गेली की तो म्हणे, "ठेव तितं." ती ठेवायची आणि थोडा वेळ तिथेच उभी राहायची. मग परत यायची.

प्रांजल पाचवीत असताना जनीला कावीळ झाली. मी दवाखान्यात तिच्या खाटेच्या दांडीला अडकवलेली होते. बुधाजी बोटीवरून धावत आला. मला वाटलं, आता तरी ती त्याला काही बोलेल, रागावेल. ती एवढंच म्हणाली, "तिला उनात नेऊ नको." दुसऱ्या दिवशी ती गेली.

मग मी दाराआड पडून राहिले. काड्या गंजल्या, प्रांजलच्या हातांनी मी उघडेना, कापडाला बुरशी आली. प्रांजल डोक्यावर ओढणी घेऊन शाळेत जायची. संध्याकाळी परतली की तिचे गाल लालबुंद झालेले असत आणि मानेवर फोड आलेले. मी दोन हातांवर असायचे, पण छत्रीला आपण होऊन उघडता येत नाही.

शेवटी शाळेतून निरोप आला, मुलीला फळ्यावरचं दिसत नाही. बुधाजी तिला घेऊन निघाला. दारात ऊन पाहून तो थबकला, मागे वळला आणि त्याने पहिल्यांदा मला हातात घेतलं.

नवीन पनवेलला डॉक्टर अनुया यांच्याकडे ते गेले. डॉक्टरांनी प्रांजलचे डोळे तपासले आणि म्हणाल्या, "याला अल्बिनिझम म्हणतात. अंगात रंगच बनत नाही, म्हणून नजरही कमी असते. दादा, तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

"जनी माज्या मामाची पोर."

"मग नीट ऐका. आपल्या अंगातल्या गुणांची जनुकं जोडीने येतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. कातडीला रंग देणारं एक जरी चांगलं असलं तरी तेवढं पुरतं. ते वरचढ ठरतं आणि बिघडलेलं दुसरं त्याच्यामागे लपून राहतं. तुमच्याकडे असं एक लपलेलं होतं, तिच्या आईकडेही होतं. तुम्ही दोघं एकाच आजी-आजोबांची नातवंडं, म्हणून दोघांकडे तेच आलं. तुमच्या प्रत्येक मुलामागे चारात एक अशी शक्यता होती की दोन्ही बिघडलेलीच त्याच्या वाट्याला येतील. हिच्या वाट्याला ती आली. म्हणून रंग बनलाच नाही."

 बुधाजीने विचारलं, "म्हंजे एक माज्याकडून आलं?"

"हो. एकट्या आईकडूनच बिघडलेलं आलं असतं, तर ही तुमच्यासारखीच सावळी झाली असती."

"मंग चूक कुनाची?"

"कुणाचीच नाही," डॉक्टर म्हणाल्या.

तो बाहेर आला आणि पायरीवर बसला. मित्रांनो, ज्या गोऱ्या रंगामुळे त्याने लेकीला दूर ठेवलं, तो रंग त्याच्याशिवाय आलाच नसता. माझी मूठ त्याच्या मुठीत होती. 

"जनी खरं बोलत हुती," तो म्हणाला.

"काय बोलत हुती आय?" प्रांजलने विचारलं.

 तो उठला, मला उघडलं आणि लेकीवर धरलं. सवय नसल्यामुळे त्याने मला इतकं तिच्याकडे झुकवलं की तो स्वतः पूर्ण उन्हात होता.

वाटेत त्याने माझ्या काड्या दुरुस्त करून घेतल्या. घरी आल्यावर शकू दारात दिसली तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "माजी पोर हाय ही. माजीच हाय." पुढे त्याने ते बंदरावर सांगितलं, बाजारात सांगितलं. भेटेल त्याला सांगितलं. जिला सांगायला हवं होतं ती तेवढी ऐकायला नव्हती.

आता प्रांजलला चष्मा लागला आहे. मी रोज तिच्याबरोबर शाळेत जाते. माझं कापड विरत चाललं आहे, फार दिवस मी टिकणार नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या वर्गात, तुमच्या आळीत कुणी इतरांहून वेगळं दिसत असेल, तर ते असं का आहे हे जाणणाऱ्याला विचारा. आणि वेळेवर विचारा. ऊन अडवणं मला जमतं, मित्रांनो. लोकांचं बोलणं अडवणं मला जमलं नाही. ते तुम्ही अडवा.